दोन महिन्यांच्या बाळाची पावले कुठे जातात? मानवी विकास आणि गतिक प्रणाली सिद्धांत

धागालेखन

नवजात बाळाला काखेत आधार देऊन उभे धरले आणि त्याचे तळपाय सपाट पृष्ठभागाला टेकवले, तर ते एकामागून एक पाय उचलते, जणू चालतेच आहे. साधारण दोन महिन्यांच्या सुमारास ही पावले नाहीशी होतात आणि वर्ष भरत येते तेव्हा, या खेपेस बाळाच्या स्वतःच्या इच्छेने, पुन्हा दिसू लागतात. बालविकासाचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाने हे वाचलेले असते आणि त्याचे रूढ स्पष्टीकरणही वाचलेले असते. ते असे की, ही एक आदिम प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूचे बाह्यक, म्हणजे त्याचा बाहेरचा थर, परिपक्व होऊ लागले की ते तिला दाबून टाकते आणि पुढे तेच बाह्यक ऐच्छिक चालण्याची सूत्रे हाती घेते. अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आले. विकास-मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांचे प्रयोग मुळातून वाचल्यावर हे उत्तर मला पुरेसे वाटेनासे झाले, आणि त्या अपुरेपणातून जो विचार उभा राहिला तो सविस्तर मांडावा म्हणून हा धागा काढत आहे.

थेलन यांनी फिशर यांच्यासह १९८२ मध्ये एक साधी तुलना केली. उताण्या निजलेल्या बाळाचे पाय झाडणे आणि उभ्या धरलेल्या बाळाचे पाऊल टाकणे या दोन हालचालींचे त्यांनी बारकाईने मोजमाप केले, तेव्हा नितंब, गुडघा आणि घोटा यांच्या वाकण्या-ताणण्याचा क्रम व वेळ दोन्हींत जवळजवळ सारखी निघाली. हालचालीचा आराखडा एकच होता, फक्त शरीराची स्थिती वेगळी होती. आता अडचण अशी की दोन महिन्यांनंतर पावले थांबतात, पण पाय झाडणे थांबत नाही, उलट वाढते. बाह्यक जर हा आराखडाच दाबत असेल, तर ते बाळ उभे असताना दाबते आणि निजले की मोकळे सोडते असे मानावे लागेल, आणि तसे मानायला काही कारण दिसत नाही.

थेलन यांचे उत्तर आपल्या भाषेत एका शब्दात सांगता येते: बाळसे. पहिल्या दोन महिन्यांत बाळ बाळसे धरते, म्हणजे त्याच्या पायांवर चरबी भराभर चढते, स्नायूंची ताकद मात्र त्या वेगाने वाढत नाही. निजलेले असताना पाय उचलायला गुरुत्वाकर्षणाची काही प्रमाणात मदत होते. उभे असताना तोच पाय पूर्ण वजनासह वर उचलावा लागतो आणि ते जमत नाही. हे केवळ तर्काने सांगून त्या थांबल्या नाहीत. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांच्या पायांना त्या वयात वाढणाऱ्या वजनाएवढी छोटी वजने बांधली, तेव्हा पावले कमी झाली. आणि बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरून पायांचा भार हलका केला, तेव्हा पावले वाढली. ज्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढत होते, त्यांची पावलेही अधिक घटलेली दिसली.

या प्रयोगाचे महत्त्व चरबीपुरते नाही. ‘पावले कुठे गेली’ या प्रश्नाचे उत्तर आपण मेंदूच्या आत शोधत होतो, आणि ते पायाचे वजन, स्नायूंची ताकद, शरीराची स्थिती व गुरुत्वाकर्षण यांच्या परस्परसंबंधात सापडले. पावले मेंदूत साठवलेली नव्हती, म्हणून ती पुसलीही गेली नाहीत. सगळे घटक एका विशिष्ट प्रमाणात जुळून आले की पावले पडतात, प्रमाण बदलले की पडत नाहीत. गतिक प्रणाली सिद्धांताचा गाभा माझ्या मते इथे आहे: वागण्याचा आकार कोणत्याही एका घटकाने हुकूम देऊन ठरत नाही, घटक एकमेकांना बांधून घेतात आणि त्या बांधणीतून तो आकार येतो. यालाच स्वयंसंघटन म्हणतात.

कल्पना मुळात मानसशास्त्रातली नाही. सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा प्रश्न उपस्थित केला होता की, हातापायांत इतके सांधे आणि इतके स्नायू असताना मेंदू त्या प्रत्येकाला स्वतंत्र आज्ञा देऊ शकेल कसा. त्याअर्थी स्नायू गटागटाने बांधलेले असले पाहिजेत. पुढे भौतिकशास्त्रज्ञ हर्मान हाकेन यांनी लेसरच्या अभ्यासातून स्वयंसंघटनाचे गणित मांडले, आणि १९८५ मध्ये हाकेन, केल्सो व बुन्झ यांनी ते माणसाच्या बोटांना लावले. हा प्रयोग वाचकांनी आत्ताच करून पाहावा अशी माझी विनंती आहे. दोन्ही तर्जन्या समोर धरा आणि मोटारीच्या काचेवरच्या वायपरप्रमाणे दोन्ही एकाच वेळी उजवीकडे, मग एकाच वेळी डावीकडे हलवा. आता वेग हळूहळू वाढवत न्या. एका वेगापाशी बोटे तुमचे ऐकेनाशी होतील आणि आरशातल्या प्रतिमेप्रमाणे, एकाच वेळी आत व एकाच वेळी बाहेर, हलू लागतील. नंतर वेग कमी केला तरी ती आपोआप मूळ चालीवर परतत नाहीत.

या प्रयोगात सिद्धांताच्या बहुतेक संकल्पना हाताशी येतात. ज्या रचनेत प्रणाली पुन्हा पुन्हा जाऊन बसते तिला अट्रॅक्टर म्हणतात. मी तिला ‘घडी’ म्हणेन, कारण घडी बसणे, घडी विस्कटणे आणि नवी घडी बसणे हे आपण रोज बोलतो आणि या सिद्धांताला नेमके तेच म्हणायचे आहे. वेग हा इथला नियंत्रक चल आहे: त्याच्यात नव्या रचनेची कोणतीही माहिती नाही, तो केवळ वाढतो आणि तेवढ्याने जुनी घडी मोडते. आणि घडी मोडण्यापूर्वी बोटे अडखळतात. हे अडखळणे म्हणजे मोजमापातली चूक नव्हे. जुनी घडी सैल झाल्याची ती खूण आहे. बाळाच्या वागण्यातली अस्थिरता, एक दिवस जमणे आणि चार दिवस न जमणे, याकडे त्यानंतर मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागले.

थेलन आणि लिंडा स्मिथ यांनी १९९४ च्या त्यांच्या ग्रंथात हा विचार केवळ हालचालींपुरता न ठेवता आकलनापर्यंत नेला. तो तिथपर्यंत पोहोचतो का, याबद्दल आपली मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

मी बाल-फिजिओथेरपीच्या क्षेत्रात काम करतो. धाग्यातला विचार आमच्या कामात फार प्रत्यक्षपणे उतरला आहे. डाउन सिंड्रोम असलेली मुले उशिरा चालतात, आणि पूर्वी त्याचे उत्तर ‘मज्जासंस्था उशिरा परिपक्व होते, वाट पाहा’ असे असे. बेव्हर्ली उलरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांना आधाराने धरून, घरच्या घरी, छोट्या ट्रेडमिलवर दिवसाला ८ मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस पावले टाकू दिली. बाळ आधाराशिवाय थोडा वेळ बसू लागले की सुरुवात होई. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ट्रेडमिलवरची मुले इतर मुलांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्रपणे चालू लागली. तीन महिन्यांहून अधिक काळ आधी चालणे म्हणजे तेवढा काळ आधी हात मोकळे होणे आणि हव्या त्या वस्तूपर्यंत स्वतः पोहोचणे, आणि यातून पुढचे किती शिकणे उभे राहते हे आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

माझी एक शंका आहे. धागा वाचून असा समज होऊ शकतो की मेंदूला यात काही स्थानच नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबरोबर काम करताना मज्जासंस्थेची इजा किती निर्णायक ठरते ते मी पाहतो. त्या मुलांच्या बाबतीत ‘सगळे घटक सारखेच महत्त्वाचे’ असे म्हणणे मला जड जाईल.

धागालेखिकेचे उत्तर

आपली शंका रास्त आहे आणि माझ्या मांडणीत ती उणीव राहिली, हे मान्य करते. सिद्धांताचे म्हणणे ‘सगळे घटक सारखे महत्त्वाचे’ असे नाही. त्याचे म्हणणे असे की कोणत्याही घटकाला आधीपासून सूत्रधाराचे पद देऊ नये. दिलेल्या क्षणी, दिलेल्या मुलात, कोणता घटक अडसर ठरतो हे शोधून काढावे. दोन महिन्यांच्या निरोगी बाळात तो अडसर पायाचे वजन असतो. सेरेब्रल पाल्सीत तो बहुधा मज्जासंस्थेत असतो. दहाव्या महिन्यात तो तोल सांभाळण्यात असू शकतो.

ट्रेडमिलचाच आणखी एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. स्वतःहून एकही पाऊल न टाकणाऱ्या सात महिन्यांच्या बाळांना आधाराने चालत्या पट्ट्यावर धरले, तर ती सुरेख आळीपाळीची पावले टाकतात. १९८७ मध्ये थेलन, उलरिक आणि नाइल्स यांनी दोन पायांखाली दोन वेगवेगळे पट्टे ठेवले आणि एकाचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट केला. तरीही पावलांची आळीपाळी टिकली. दोन्ही पायांनी आपापली लय एकमेकांशी जुळवून घेतली. ही जुळवणी मज्जारज्जू आणि मेंदू यांच्याविना होणार नाही, हे उघड आहे. मात्र पट्ट्याने मागे ओढलेल्या पायातला ताण नसेल, तर तीच मज्जासंस्था ही जुळवणी दाखवत नाही. मेंदूचे स्थान कमी होत नाही. तो एकटा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद २

माझी पार्श्वभूमी गणिताची आहे, त्यामुळे माझा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. बोटांच्या प्रयोगात सर्व काही चोख आहे: दोन बोटांच्या आवर्तनांमधला कलाफरक, म्हणजे एक बोट दुसऱ्याच्या किती पुढे किंवा मागे आहे, हा एकच चल आहे, त्याचे समीकरण आहे, वेग वाढला की एक स्थिर उकल अस्थिर होते हे कागदावर सिद्ध करता येते, आणि संक्रमणाच्या आधी चढउतार वाढतील व धक्क्यातून सावरायला अधिक वेळ लागेल ही भाकिते प्रयोगात खरी उतरली आहेत. ही विज्ञानाची फार सुंदर कामगिरी आहे.

पण तिथून ‘मुलाचा विकास ही गतिक प्रणाली आहे’ इथपर्यंतची उडी मला अस्वस्थ करते. विकासाचा चल कोणता? त्याचे समीकरण कोणते? नियंत्रक चल आधी ओळखला जातो की घडून गेल्यावर हाती लागेल त्याला ते नाव दिले जाते? मी या विषयावरचे जे लेखन पाहिले, त्यातल्या पुष्कळ ठिकाणी अट्रॅक्टर, स्वयंसंघटन, अरेषीयता हे शब्द येतात, पण एकही राशी मोजलेली नसते. ‘सगळ्याचा सगळ्याशी संबंध आहे’ हे विधान कधीच खोटे ठरू शकत नाही, आणि जे खोटे ठरू शकत नाही त्यातून आपल्याला काही कळत नाही.

अपवाद आहेत, ते नोंदवणे न्याय्य होईल. व्हॅन डर मास आणि मोलेनार यांनी १९९२ मध्ये मुलांचे आकलन टप्प्याटप्प्याने वाढते असे मांडणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या टप्प्यांबद्दल असा प्रश्न विचारला की, मूल एका टप्प्यातून दुसऱ्यात खरोखरच उडी मारत असेल तर आकस्मिक बदलांच्या गणिताप्रमाणे काही ठरावीक खुणा दिसल्या पाहिजेत: मधली अवस्था जवळजवळ रिकामी असणे, उडीपूर्वी उत्तरांमध्ये अस्थिरता वाढणे, जाताना आणि परतताना उडीची जागा वेगळी असणे, इत्यादी. उंच पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतले तरी ते तेवढेच राहते, हे मुलाला कळते त्या काळात या खुणा शोधता येतात. सापडल्या तर उडी, न सापडल्या तर नाही. ग्रोनिंगेनच्या पॉल व्हॅन गेर्ट यांनीही शब्दसंग्रहाची वाढ समीकरणाने मांडली: आत्तापर्यंत जे जमले त्याच्या प्रमाणात वाढ, आणि उपलब्ध साधनांची मर्यादा जवळ येईल तसा तिला लगाम. दोन कौशल्ये एकमेकांना पूरक किंवा मारक ठरली तर वक्र कसे बदलतात हेही त्यात पाहता येते. अशा कामाला मी सिद्धांत म्हणेन. बाकीच्याला रूपक म्हणेन, आणि रूपकाचाही उपयोग असतो, पण त्याने कशाचे स्पष्टीकरण दिले असे समजू नये.

धागालेखिकेचे उत्तर

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. आकलनाच्या क्षेत्रात समीकरणापर्यंत पोहोचलेले एक उदाहरण आहे, आणि ते नेमके पियाजे यांच्याच एका प्रसिद्ध निरीक्षणावर उभे आहे.

आठ ते बारा महिन्यांच्या बाळासमोर दोन सारखी झाकणे ठेवतात. खेळणे पहिल्या झाकणाखाली लपवतात, बाळ ते काढते. असे काही वेळा होते. मग बाळाच्या डोळ्यांदेखत खेळणे दुसऱ्या झाकणाखाली लपवतात, दोन-तीन सेकंद थांबतात, आणि बाळ पुन्हा पहिल्याच झाकणाकडे हात नेते. पियाजे यांनी याचा अर्थ असा लावला की, वस्तूचे अस्तित्व आपल्या कृतीपासून स्वतंत्र असते ही संकल्पना बाळात अजून पूर्ण झालेली नाही.

थेलन आणि स्मिथ यांनी विचारले की ही चूक संकल्पनेची आहे, की हात नेण्याच्या कृतीची? स्मिथ आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात खेळणे लपवलेच नाही. नुसती झाकणे एकामागून एक उचलून दाखवून बाळापुढे सरकवली, तरी तीच चूक झाली. जिथे लपवलेली वस्तूच नाही, तिथे वस्तूच्या अस्तित्वाबद्दलचा गैरसमज कसा असेल? त्याहून नवल पुढे आहे. पहिल्या झाकणाच्या फेऱ्या बाळ मांडीवर बसलेले असताना केल्या आणि दुसऱ्या झाकणाच्या वेळी त्याला उभे केले, तर चूक मोठ्या प्रमाणात नाहीशी झाली. उभे राहिल्याने बाळाला वस्तूंबद्दल नवे ज्ञान झाले, असे कोणी म्हणणार नाही. बसून केलेल्या हालचालींची शरीरात उरलेली आठवण उभ्या शरीराला तशीच लागू पडत नाही, म्हणून जुन्या सवयीची ओढ सुटते.

२००१ मध्ये थेलन, शोनर, शायर आणि स्मिथ यांनी याचे गणिती प्रतिमान मांडले. हात कुठे न्यायचा याचे एक क्षेत्र कल्पा. त्यात तीन प्रवाह येतात: समोर दोन सारखी झाकणे आहेत हा सततचा प्रवाह, आत्ता इथे लपवले हा क्षणिक प्रवाह, आणि आधी जिथे हात गेला त्या जागेची साठत जाणारी आठवण. क्षणिक प्रवाहाने उठलेली लाट स्वतःच्या बळावर टिकली, तर हात योग्य जागी जातो. ती विरली, तर आठवण जिंकते. लाट टिकते की विरते, हे एका चलावर अवलंबून आहे, आणि विकास म्हणजे त्या चलाचे हळूहळू सरकणे. थांबण्याचा वेळ कमी केला, झाकणे एकमेकांहून वेगळी दिसतील अशी केली, सुरुवातीच्या फेऱ्या कमी केल्या, तर काय होईल हे प्रतिमान आधीच सांगते. या प्रतिमानाचे सर्वांत धाडसी भाकीत असे की ही चूक बारा महिन्यांनंतर ‘संपत’ नाही. काम पुरेसे अवघड केले की ती मोठ्या मुलांतही दिसली पाहिजे. स्पेन्सर, स्मिथ आणि थेलन यांनी दोन वर्षांच्या मुलांसमोर झाकणांऐवजी वाळूची लांब पेटी ठेवली आणि खेळणे वाळूत पुरले. दुसऱ्या जागी पुरल्यावर मुलांचे हात पहिल्या जागेच्या दिशेने सरकलेले आढळले.

आपण विचारलेला चल इथे आहे, समीकरण आहे, आणि खोटे ठरू शकले असते असे भाकीत आहे. पुष्कळ लेखनात ते नसते, ही आपली तक्रार मात्र मला मान्य आहे, आणि ती माझीही तक्रार आहे.

प्रतिसाद ३

वरील मांडणी उत्तम आहे, पण चित्र तिथे पूर्ण होत नाही. २००८ मध्ये टोपाल, गेर्गेली, चिब्रा आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग करताना प्रयोगकर्त्याचे वागणे बदलले. नेहमीच्या पद्धतीत प्रयोगकर्ता बाळाच्या डोळ्यांत पाहतो, त्याच्याशी बोलतो आणि मग लपवतो. त्यांनी दुसऱ्या गटात नजरानजर आणि बोलणे टाळले. तेव्हा चूक बरीच कमी झाली. त्यांचा निष्कर्ष असा की बाळ पहिल्या फेऱ्यांतून ‘ही वस्तू इथे असते’ असा धडा घेते, कारण मोठे माणूस आपल्याला काही शिकवत आहे अशी त्याची धारणा असते. हे खरे असेल तर चुकीचे मूळ हात नेण्याच्या आठवणीत नसून, समोरच्याच्या हेतूच्या आकलनात आहे. शिवाय हात न नेता नुसते पाहणारी बाळे, खेळणे भलत्या जागी निघाल्यास अधिक वेळ पाहतात, हे इतर संशोधनात दिसले आहे. म्हणजे बाळाला काही तरी माहीत असते, आणि ‘मनात काही साठवलेले नसते, सगळे क्षणात घडते’ ही टोकाची भूमिका मला टिकणारी वाटत नाही.

धागालेखिकेचे उत्तर

टोपाल यांच्या प्रयोगाचा उल्लेख आपण केलात हे फार बरे झाले. नजर आणि आवाज हेसुद्धा क्षेत्रात येणारे प्रवाह आहेत, ते पहिल्या जागेची आठवण अधिक खोल करतात, असे उत्तर देता येईल. पण ते देताना मला संकोच वाटतो, कारण वर गणिताच्या मित्रांनी ज्या दोषावर बोट ठेवले तोच इथे होईल: प्रयोग झाल्यावर प्रत्येक निष्कर्ष सामावून घेणे. नजरेचा प्रवाह किती बळाचा असेल हे आधी सांगून दाखवले पाहिजे. मनात काहीच साठत नाही, ही भूमिका मीही घेत नाही.

प्रतिसाद ४

मी अभ्यासक नाही, एक आई आहे. माझा मुलगा रांगलाच नाही. बसल्या बसल्या सरकत राहिला आणि एक दिवस सोफ्याला धरून उभा राहिला. बाळाच्या विकासाच्या टप्प्यांच्या तक्त्यात रांगण्याची चौकट रिकामी राहिली म्हणून आम्ही कित्येक महिने काळजीत काढले. ‘पायरी चुकली तर पुढचे पक्के होत नाही’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. या सिद्धांताप्रमाणे ते खरे आहे का, एवढेच विचारायचे आहे.

प्रतिसाद १ चे लेखक

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण तो मला आठवड्यातून अनेकदा विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या निरीक्षणावरून हालचालींच्या टप्प्यांची जी मर्यादा प्रसिद्ध केली, त्यात स्वतंत्र चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आहे, आणि हात व गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ महिने. त्याच अभ्यासात ४.३ टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगताना आढळलीच नाहीत, आणि तरीही ती चालू लागली. रांगणे ही जिन्याची पायरी नाही. जमिनीवरून पुढे जाण्याच्या अनेक घड्यांपैकी ती एक आहे, आणि ज्याच्या हातांची, पोटाच्या स्नायूंची व जमिनीची जशी जुळणी होईल तशी घडी त्याला सापडते. आपल्या मुलाला सरकण्याची सापडली. तपासणी कधी करून घ्यावी, तर सर्वच टप्प्यांना उशीर होत असेल, एकच बाजू अधिक वापरली जात असेल किंवा जमलेले काही सुटत असेल तेव्हा.

प्रतिसाद २ चे लेखक

यात एक संख्याशास्त्रीय मुद्दा जोडतो, कारण तक्त्यांबद्दलचा बराच गोंधळ त्यातून होतो. समजा शंभर मुले आहेत आणि प्रत्येक मूल एका रात्रीत ‘न जमणे’ ते ‘जमणे’ अशी उडी घेते, पण प्रत्येकाची रात्र वेगळी आहे. शंभरांची सरासरी काढली तर एक गुळगुळीत, संथ चढणारा वक्र मिळेल, आणि तो शंभरांपैकी एकाही मुलाचा नसेल. मोलेनार यांनी २००४ पासून हेच आग्रहाने मांडले आहे: व्यक्तींमधल्या फरकांवरून व्यक्तीच्या आतल्या बदलाबद्दल निष्कर्ष काढणे फारच मर्यादित अटींमध्ये योग्य ठरते, आणि विकास म्हणजे त्या अटी जवळजवळ नेहमी मोडणारी प्रक्रिया.

दुसरी चूक उलट दिशेने होते. केरन अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अकरा बाळांच्या बत्तीस कौशल्यांच्या पालकांनी रोज ठेवलेल्या नोंदी तपासल्या. बहुतेक कौशल्ये एकदा आली आणि राहिली असे झाले नाही; ती आली, गेली, पुन्हा आली. त्याच नोंदींतून महिन्याला एकच दिवस निवडला, तर मात्र स्वच्छ उडी दिसू लागली. म्हणजे संथ चढण आणि टप्प्याची उडी, ही दोन्ही चित्रे आपण किती मुले एकत्र केली आणि किती दिवसांनी पाहिले यावरून निर्माण होऊ शकतात. धागालेखिकेने अडखळण्याला खूण म्हटले आहे ते मला पटते, पण ती खूण वाचायची असेल तर एका मुलाच्या फार दाट नोंदी लागतात, आणि तेवढे कष्ट घेतलेले अभ्यास थोडे आहेत.

प्रतिसाद ५

चर्चा वाचत होतो. एक गोष्ट कोणीच उचलली नाही: आनुवंशिकता. प्रत्येक बाळ बसते, उभे राहते, चालते, बोलते. इतका सारखेपणा जनुकांमधल्या आराखड्याशिवाय कसा येईल?

धागालेखिकेचे उत्तर

सारखेपणा आला म्हणजे आराखडा आधी लिहिलेला असणार, हे अनुमान गिल्बर्ट गॉटलिब यांनी बदकांच्या पिल्लांवर तपासले होते. अंड्यातून बाहेर येताच मॅलार्ड बदकाची पिल्ले आपल्याच जातीच्या आईच्या हाकेकडे वळतात, पूर्वी ती कधी ऐकलेली नसली तरी. जन्मजात म्हणावे असे याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही. गॉटलिब यांच्या लक्षात आले की पिल्लू अंड्यात असतानाच स्वतः आवाज काढते आणि तो ऐकते. त्यांनी अंड्यातल्या पिल्लांचा आवाज बंद केला आणि भावंडांचे आवाजही कानी पडू दिले नाहीत. ही पिल्ले बाहेर आल्यावर बदकाच्या आईची हाक आणि कोंबडीची हाक यांच्यात फरक करू शकली नाहीत. जनुके तीच होती. जातीचा सारखेपणा जनुकांइतकाच, प्रत्येक अंड्यात न चुकता घडणाऱ्या त्या अनुभवावरही उभा होता. माणसाच्या बाळांनाही गुरुत्वाकर्षण, दोन पाय, जमीन आणि उचलून घेणारी माणसे सारखीच मिळतात. जनुकांचे काम मी नाकारत नाही. ते या सगळ्यांच्या सोबतीने होते असे म्हणते.

प्रतिसाद २ चे लेखक

माझा आक्षेप बराच मऊ झाला आहे, पण एक गाठ सुटलेली नाही. पावलांचा प्रयोग काही मिनिटांत होतो, झाकणांचा काही सेकंदांत. विकास वर्षानुवर्षे चालतो. सेकंदांत घडणारे वर्तन वर्षांत होणाऱ्या बदलाला कसे घडवते, याचे समीकरण मला अजून कुठे दिसले नाही. व्हॅन गेर्ट यांच्या समीकरणात वर्षे आहेत पण सेकंद नाहीत. क्षेत्राच्या प्रतिमानात सेकंद आहेत, पण ज्या चलाच्या सरकण्याला विकास म्हटले आहे तो चल कशाने सरकतो हे त्यात बाहेरून दिलेले आहे. दोन काळांना जोडणारा पूल हाच तर या सिद्धांताचा मुख्य दावा आहे ना?

धागालेखिकेचे उत्तर

होय, आणि तो पूल अजून अर्धाच बांधलेला आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. त्याच्या एका कमानीबद्दल मात्र सांगते. अडॉल्फ यांनी रांगणाऱ्या बाळांना वेगवेगळ्या उताराच्या घसरणींवर आणून पाहिले. नव्याने रांगू लागलेली बाळे फार तीव्र उतारावरही बेधडक पुढे जात आणि त्यांना धरावे लागे. आठवड्यामागून आठवडे रांगल्यावर ती उतार पाहून थांबू लागली, कडेवरून हाताने चाचपू लागली. मग ती चालायला लागली, आणि चालण्याच्या पहिल्या आठवड्यांत त्याच उतारांवर पुन्हा बेधडक निघाली. उंचीबद्दलचे ज्ञान वस्तूसारखे साठवलेले असते तर ते चालतानाही उपयोगी पडले असते. ते रांगणाऱ्या शरीराच्या तोलाशी बांधलेले होते. शरीराची घडी बदलली तसे ते पुन्हा, नव्या तोलासाठी, मिळवावे लागले.

आणि ते कसे मिळवले जाते याचा अंदाज अडॉल्फ यांच्याच २०१२ मधल्या मोजणीवरून येतो. बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात, ७०१ मीटर अंतर कापतात आणि १७ वेळा पडतात. आपण ज्याला सेकंदांचा काळ म्हणता, तो एका तासात दोन हजारांहून अधिक वेळा येऊन जातो, आणि प्रत्येक पाऊल पुढच्या पावलासाठी स्नायूंत, तोलात आणि आठवणीत किंचित वेगळे शरीर मागे ठेवते. समीकरणातला तो बाहेरून दिलेला चल ही पावलेच सरकवत असली पाहिजेत, असे मला वाटते. ते दाखवण्यासाठी एकाच मुलाच्या पहिल्या पावलापासून पुढच्या काही महिन्यांची, रोजची आणि तासातासाची नोंद लागेल, आणि त्याच मुलाला दर आठवड्याला उतारावर आणून पाहावे लागेल. अशा नोंदीत कोणती राशी मोजावी आणि किती दाट मोजावी, हे आपण गणिताच्या बाजूने सुचवावे. बाळांबरोबर काय करता येईल आणि काय करू नये, हे फिजिओथेरपीचे मित्र सांगू शकतील.